संमतीपत्र, आवृत्ती सात

मूळ इंग्रजी. कन्नड बेंगळुरूत झालं, मराठी पुण्यात.
दोन्ही जांबोटीच्या पुढे कुणी बोलत नाही.
मी अकरा पानं पिशवीत घालून
स्कूटर चढणीला लावते. मागे शीतपेटी,
दाब मोजायचं यंत्र.

वनिता गुरव, पाचवा महिना,
नवरा म्हापशाला बेकरीत.
उंबऱ्यात तांदूळ निवडत म्हणते,
"वाच की, ऐकतो मी."
आमच्याकडे बायका स्वतःबद्दल असंच बोलतात,
ऐकतो, जातो, देतो.
अर्जात मात्र, "मी, खाली सही करणारी".

पान चार : यादृच्छिक.
तिसऱ्यांदा माझीच जीभ अडखळली.
मग सांगितलं, दोन डबे आहेत. एकात औषध,
दाब चढू नये म्हणून,
एकात तशीच दिसणारी पोकळ गोळी.
तुला कुठला, ते मला माहीत नाही,
हुद्दार डॉक्टरीणबाईंनाही नाही.

सुपातून मान वर न करता ती म्हणाली,
"म्हणजे कौल."
तिचा सासरा देवीला पाकळ्या लावतो.
उजवी पडली तर होय, डावी पडली तर थांब.
"तसंच," मी म्हटलं, सुटल्यासारखी.
"पण कौलात देवी बघत असते गे.
तुमच्यात कोण बघतंय?"

मी पान नऊ काढलं. नैतिक समिती, सात माणसं,
बेळगाव, दुसरा मजला, कुलूपबंद कपाट.
तिनं सातही नावं वाचायला लावली.
सही केली. मग,
"निकाल लागला की सांगायला येणार काय?"
याला रकाना नव्हता.

आठव्या आवृत्तीसाठी मी कळवलं,
यादृच्छिक खोडा, कौल घाला.
उत्तर आलं : शब्द अशास्त्रीय.

आठव्या महिन्यात तिचा दाब चढला.
ॲम्ब्युलन्स खानापूरच्या फाटकात, मालगाडी संपेना.
मुलगी. एक किलो आठशे. एकवीस दिवस काचेत.
माझ्या तक्त्यात एक ओळ :
०४१७, गंभीर घटना, चोवीस तासांत कळवली.

दोन वर्षांनी कपाट उघडलं.
गोळी चालते!
हुद्दारबाईंनी ऑफिसात कुंदा वाटला.
मी यादीत ०४१७ शोधला
आणि चमचा खाली ठेवला.

रजा टाकली. पेट्रोल माझं.
मुलगी अंगणात कोंबडीच्या मागे,
पायात एकच चप्पल.
मी सांगितलं, तुझी पोकळ होती.

वनिता मुलीकडे बघत राहिली. मग आत गेली,
पाणी घेऊन आली, तांब्या खाली ठेवला.
"बरं झालं आलीस."
आणि थोड्या वेळानं,
"ती खरी गोळी आता आमच्या दवाखान्यात
मिळते काय? माझी जाऊ पोटुशी आहे."

मी सवयीनं पिशवीत हात घातला.
कुंद्याचा डबा होता, तिच्यासाठी आणलेला.
कागद एकही नव्हता.