झाकणाची बादली

दुकानाच्या दारावर, हरवलेल्या मांजराच्या चिठ्ठीखाली
तिचा नंबर होता: धुराडी साफ करते, भट्ट्या तपासते.
मी कागदाची एक शेपटी फाडली
आणि आठवडाभर खिशात घेऊन हिंडलो.

त्याआधी काल्यू येऊन गेला होता, तळ्यापलीकडचा.
कुंपण, नळ, छप्पर, म्हणाल ते करतो, अर्ध्या पैशात.
भट्टीच्या भेगेवर त्यानं माती थापली, वरून चुना,
"आता वीस वर्षं बघायला नको," म्हणाला.
मी एक्क्याऐंशीचा.
आकडा ऐकून बरं वाटलं, दोन नोटा जास्तच दिल्या.

मग नोव्हेंबरात एका रात्री
धूर वर जायचं सोडून खोलीत आला,
पाहुण्यासारखा, बूट न काढता.
छताला लावलेली ती पांढरी वाटी ओरडायला लागली.
तिची बॅटरी साल्मेनं बदललेली, जायच्या आदल्या वर्षी.
मी खिडक्या उघडल्या, अंगावर कोट चढवला
आणि खिशातली शेपटी हाताला लागली.

केर्तू आली व्होरूहून, सकाळी आठाला.
काळे कपडे, काळी टोपी, गाडी मात्र पिवळीधमक.
लहानपणी आम्ही धुराडंवाल्याच्या बटणाला हात लावायचो, नशिबासाठी.
हिच्या जाकिटाला बटणंच नव्हती, चेन होती.
तिनं आधी तिचं प्रमाणपत्र दाखवलं,
मी चष्मा नसताना वाचल्यासारखं केलं.

छपरावर शिडी, धुराड्यात लोखंडी गोळा आणि ब्रश,
घरभर घशात अडकल्यासारखा आवाज.
खाली एक बादली भरून काजळी निघाली, डांबरासारखी चकचकीत,
आणि मैनेचं एक अख्खं घरटं.
"लाकूड कुठलं जाळता?"
"बर्च," मी म्हणालो.
तिनं ओंडका उचलला, दुसऱ्यावर आपटला.
बद्द आवाज आला.
"हे अजून झाडच आहे, आजोबा."

मी सांगितलं, वडील वर्षातून दोनदा अॅस्पेन जाळायचे,
त्यानं धुराडं आपोआप साफ होतं.
ती हसली नाही. "माझेही म्हणायचे," म्हणाली,
"आणि तरी दर वर्षी शिडी लावायचे."

काल्यूचा चुना तिनं नखानं खरवडला.
भेग होती तिथंच होती, थोडी लांब झालेली.
तिनं कागदावर लिहिलं: गवंडी येईपर्यंत पेटवू नये.
गवंड्याचं नाव लिहिलं, दर लिहिला,
खाली माझी सही मागितली.
भट्टी मी बांधलेली, एकोणसत्तर साली, साल्मे विटा द्यायची.
सही करताना हात थरथरला तो थंडीनं.

निघताना ती ओट्यावर थबकली.
लाकडी ओटा, त्यावर पुठ्ठ्याचं खोकं, टीव्हीचं,
खोक्यात कालची राख.
तिनं खोकं उचललं, तळ मला दाखवला:
मध्ये हातभर काळा डाग, मध्यात अंगठ्याएवढं भोक.
भोकातून तिचा डोळा दिसत होता.
ती काही बोलली नाही.
मीही. काल्यूवरचा सगळा राग
त्या भोकातून निघून गेला.

साल्मेची पत्र्याची बादली होती, तिचा बूड गेला,
नवी घ्यायची राहून गेली.
राख म्हणजे विझलेलं, असं मी धरून चाललो.
साल्मे म्हणायची, राख राखावी लागते,
तीन दिवस, झाकून, घरापासून लांब,
मला वाटायचं, बायकांचं काहीतरी.

केर्तूनं गाडीतून तिची बादली आणली,
पोचे आलेली, घट्ट झाकणाची.
"ही ठेवा. पैसे नकोत. एप्रिलमध्ये परत घ्यायला येईन."
मी एप्रिल मोजला बोटांवर.
पाच महिने.

आता विजेचा हीटर घेऊन बसलोय, गवंडी सोमवारी येणार.
बादली अंगणात आहे, बर्फात, रिकामी.
झाकण उडू नये म्हणून वर विटेचा तुकडा ठेवलाय.
संध्याकाळी दोनदा जाऊन बघून आलो.