पाणी उतरल्यावर

मे लागला की आमचा तंबू माळ्यावरून खाली येतो.
तंबू म्हणजे काय,
कुणाच्या तरी कापड दुकानाच्या उद्घाटनाचा फ्लेक्स,
ह्यांनी दाभण घेऊन शिवलेला.
आत बॅटरी लावली की अक्षरं उलटी उजळतात,
वरची ओळ कन्नड, खालची मराठी.
उलटी असली की दोन्ही सारखीच,
हे म्हणतात, भांडण नको.

छत्तीस वर्षं ह्यांनी उद्यमबागेत
फौंड्रीसाठी लाकडाचे साचे कोरले.
उजवा कान तिथेच राहिला, हिशेबात धरला नाही कुणी.
मी सिव्हिलात सिस्टर, बहुतेक रात्रपाळी.
आमचा संसार झाला सकाळी सात वाजता, उंबऱ्यावर,
मी आत येताना, हे डबा घेऊन बाहेर पडताना.
"दूध तापवलंय."
"बरं."

म्हणून निवृत्तीनंतर मीच म्हटलं,
कुठंतरी जाऊन नुसतं झोपूया की.

पहिल्या उन्हाळ्यात जांबोटीकडे गेलो.
करवंदांच्या चिकानं बोटं चिकटली,
आणि रात्री एक अख्खं झाड काजव्यांनी
लागत होतं, विझत होतं,
वॉर्डातल्या ट्यूबलाइटसारखं.
मी सवयीनं उठून बसले.
हे म्हणाले, "कोण बोलावत नाही गे तुला. नीज."

दुसऱ्या वर्षी गोकाक.
धबधब्याच्या जागी नुसता काळा कातळ,
वर माकडं, खाली आम्ही.
"रजेवर गेलाय," हे म्हणाले,
आणि कवळी रुमालात गुंडाळून करदंट चघळत बसले
तासभर, एकच तुकडा.

यंदा हिडकल.
धरण आटलं की तिथं पाण्यातून देऊळ वर येतं.
भेगाळलेल्या गाळातून माणसं चालत जातात,
मोपेडवर कुल्फीची पेटी येते,
भडंगवाला संकेश्वरी मिरची दाखवून सांगतो, खरी आहे.
खांबांवर पाण्याच्या रेघा, एकीखाली एक,
तापाच्या तक्त्यासारख्या.
पोरं फोटो काढतात, एक बोट देवळाच्या शिखरावर टेकवून.

पोरांपासून लांब, गाळात, गंगव्वा उभी होती.
टाचेनं जमीन चाचपत,
चार पावलं इकडे, दोन तिकडे, मग थांबली.
"इल्ली नम्म ओली इत्तु."
मी ह्यांच्या डाव्या कानात सांगितलं,
इथं त्यांची चूल होती म्हणे.
हे काही बोलले नाहीत.
तंबूकडे गेले, पिशवी घेऊन आले,
वाटेत तीन दगड निवडले, हातात फिरवून, पारखून,
साच्याचं लाकूड निवडायचे तसे,
आणि ती दाखवेल तिथं मांडले.
एक दगड तिनं हलवला. जरा डावीकडे.
"हां."

वाळक्या काटक्यांवर चहा व्हायला वेळ लागला,
धूर सगळा माझ्याच डोळ्यांत.
गंगव्वा उकिडवी बसली,
पदर सावरला, आम्हा दोघांकडे पाहिलं
आणि विचारलं,
"ऊटा आतेनरी?"
जेवलात का.
घर तिचं. विचारणारच की.

आम्ही खोटं बोललो, झालं म्हणालो.
तिनं ऐकलं नाही. पदराची गाठ सोडून
ज्वारीची भाकरी काढली,
तीन तुकडे केले. आपला सर्वात लहान.

जाताना दगड उचलू दिले नाहीत तिनं.
जूनमध्ये पाणी येईल, तोवर असू देत.

रात्री वारा सुटला, फ्लेक्स फडफडला,
दुकानाचं नाव आमच्या अंगावरून सरपटत राहिलं.
मी ह्यांच्या उजव्या कानात बरंच काही बोलून घेतलं,
छत्तीस वर्षांचं, थोडं रागाचंही.
हे "हां, हां" म्हणत राहिले,
अगदी बरोबर जागी.
कसं काय, कोण जाणे.

डोळे उघडले तेव्हा सात वाजले होते.
दोघंही आतच.
दूध नासलं होतं.