दीड मिलिमीटर

पावणेआठच्या फेरीबोटीनं मी दुर्भाटहून रासईला जाते.
पलीकडे यार्डात दिवसभर बार्जांची पोटं आखते.
एकवीस वर्षं झाली. रेघ माझी,
कापतं दुसरंच कोणी.

म्हणून टेबल घेतलं.
पतसंस्थेच्या फॉर्मवर हे लिहिलं नाही.
तिथं लिहिलं : जोडधंदा. गेट, ग्रिल, नावाच्या पाट्या.
मॅनेजर लोबोंनी चष्म्यावरून बघितलं,
"प्लाझ्मा म्हणजे तो रक्तातला?"

चार फूट बाय चार फूट, खाली पाण्याचा ट्रे.
दोन महिने जेवणं आटोपल्यावर मी ताडून बघत होते :
कुणाची टॉर्च पत्र्यापासून आपली उंची आपण राखते,
कुणाचं नोझल फोंड्यात मिळेल,
बिल फाडल्यावरही फोन कोण उचलतं.
उल्हास म्हणाला, एवढी चौकशी तू माझ्या स्थळाचीही केली नव्हतीस.
खरंय. तेव्हा फक्त उंची विचारली होती.

कोइमतूरचा ट्रक बोरीच्या पुलावरून आला
आणि आमच्या फाटकाशी अडला.
मिलिमीटरात जगणारी मी,
फाटकच मोजलं नव्हतं.
शेजारचा मिंगेल गॅसकटर घेऊन आला,
डावा खांब बुंध्याशी उतरवला.
"आतां पयलें काम तुज्या घरचेंच, सुलक्षा."

स्कूटर फणसाखाली गेली, टेबल शेडमध्ये.
मग कळलं, कॉम्प्रेसर चालू झाला
की सासूबाईंची मालिका काळी होते.
मग कळलं, हवा कोरडी लागते.
कोरडी हवा! दुर्भाटात!
जिथं बरणीतलं मीठ पाणी सोडतं
आणि खुंटीवरच्या पट्ट्याला हिरवी लव फुटते.
दोन फिल्टर, एक ड्रायर, वर अकरा हजार.
त्या रात्री हिशेबाची वही उघडली नाही.

पहिला काप :
काळ्या काचेतून एक हिरवं टोक चालत गेलं,
ट्रेमध्ये चुरचुर, जळक्या लोखंडाचा वास,
आणि रेघ. कागदावर होती तीच,
फक्त आता तिच्यातून पलीकडचं दिसत होतं.
काप स्वतःसाठी दीड मिलिमीटर ठेवून घेतो,
प्रत्येक वळणावर तेवढं धरून चालायचं.
आकड्याला हे ठाऊक होतं, बोटांना नव्हतं.

आसगावात जुनं घर घेतलेल्या एका बाईंची पाटी :
व्हिला मरीना, रोमन अक्षरांत.
अकरा अक्षरं, अकरा तुकडे,
प्रत्येक वेगळं उचलायचं, वेगळं जोडायचं.

मग सावईच्या खुशाली प्रभूंची : अनंत-कृपा.
एक टोक धरून उचललं
तर सगळा शब्द वर आला, पाणी गाळत,
शिरोरेषेला लोंबकळून, कुणी हात सोडला नाही.
शाळेत रेषा द्यायची राहिली की परब बाई पट्टी मारायच्या.
त्यांनी कधी लोखंड कापलं असेल काय?

फक्त अनुस्वार खाली राहिला.
अनत-कृपा.
सुतळीला लोहचुंबक बांधून
मनगटभर गढूळ पाण्यात मी अर्धा तास शोधत होते
चवळीएवढं एक टिंब.
सापडलं. बारीक कडी देऊन जोडलं, जरा तिरकं बसलं.
खुशालीबाब चष्मा सारून म्हणाले,
"तिबो मातसो वांकडो जालो मगो?"
आणि पन्नास रुपये कमी दिले.

आता वाड्यावरची पोरं येतात,
यंदाच्या नरकासुराला उघडझाप करणारा जबडा हवाय त्यांना,
दात मोजून बत्तीस, पैसे दिवाळीनंतर.
मी हो म्हटलंय. हप्ते राहिलेत त्रेचाळीस.

घरचं फाटक अजून नाही.
खांबाच्या जागी बांबू, सुंभानं आवळलेला.
रोज रात्री रेखाटन काढते, रोज बदलते.
मिंगेल जाता-येता विचारतो.
रुंदी या वेळी दोनदा मोजून ठेवलीय.
कामतांची गाय बांबू सारून येते,
अळूची पानं खाते
आणि टेबलाकडे बघत बघत निघून जाते.