पाय उचलायचा नाही

माझ्या बुटाची टाच पट्ट्यात बसत नाही
म्हणून आयजार्किन चामड्याला आणखी एक भोक पाडते,
मेंढ्यांच्या कानात बिल्ला ठोकायच्या
माझ्याच हत्याराने.
तिचं वय दहा. माझं त्रेपन्न.
वाकते तेव्हा तिच्या टोपीला शेणाच्या धुराचा वास.

फळ्या तिच्या आजोबांच्या, लाकडी.
सामुदायिक शेती मोडली तेव्हा कुणी ट्रॅक्टर नेला,
कुणी गायी, कुणी कचेरीची दारं,
कुबात आजोबांच्या वाट्याला हा जोड.
रंगवलेला आकडा अजून वाचता येतो: सतरा.
"आणि सोळापर्यंतचे?"
"चुलीत," म्हातारा म्हणाला, आणि मेणबत्ती घासत राहिला
फळीच्या पोटावर.

तळ्यापलीकडे नूरिलाची याक अडली आहे.
जीप खिंडीखालीच बसली. घोडा पोटापर्यंत रुततो.
राहता राहिलो मी,
ओशचा माणूस. आमच्याकडे टरबुजं पिकतात,
हिवाळा म्हणजे चिखल.

सोंग-कुल. तीन हजार सोळा मीटर.
इथली हवा मापात मारते.
शेर मागावा तर पाऊणच तोलून देते,
आणि वर बघते तुमच्याकडे
अजून उभे का, म्हणून.
दहा पावलं, की थांबून काठ्यांवर लोंबकळायचं.
कानशिलात कुणीतरी मुसळ घालतंय.

"पाय उचलायचा नाही, डॉक्टर.
उचलला की दमतो माणूस.
नुसता पुढे सारायचा,
पाहुण्यापुढे वाटी सारतो तसा."
मी सारली. वाटी गेली,
पाहुणा राहिला मागे, बसल्या जागी.

दुसऱ्यांदा पडलो तो उताणा.
उताणी पडलेली मेंढी आपली आपण उठत नाही,
पोट फुगून मरते.
मी शेकडो उलटवल्या आहेत,
एक हात काखेत, एक मांडीखाली.
मुलीने नेमकं तसंच धरलं मला,
नेमकं तसंच "हुप" म्हटलं.

अर्ध्या तळ्यावर खालून गडगडाट झाला,
पायांखालून निघाला आणि पार त्या डोंगरापर्यंत धावत गेला.
मी जागीच खिळलो.
तिने मानसुद्धा वळवली नाही.
"जाड होतोय बर्फ. पातळ असता तर गप्प बसला असता."

मग कधीतरी, श्वास मोजताना आकडा चुकला तेव्हा,
उजवा पाय गेला
आणि मी त्याच्याबरोबर गेलो.
मग डावा.
सात-आठ वेळा असेल.
बर्फाचा एक सुर्र आवाज, जसं कुणी
थानातून कापड फाडत चाललंय सरळ, कात्रीशिवाय.
वजन कुठे गेलं कळेना.
बघायला म्हणून खाली मान घातली,
आणि तोंडघशी.

पोचलो तेव्हा सूर्य कडेला टेकला होता.
याक आडवी. एकच खूर बाहेर, दुसरा आत मुडपलेला.
मी बाह्या वर केल्या
आणि पाहिलं, माझे हात माझे नव्हते.
काठ्यांनी ते इतके थरथरत होते
की नूरिलाने दिलेला चहा अर्धा अंगावर.

"तुझा हात दाखव," मी म्हटलं.
लहान होता. नखं कुरतडलेली.
नूरिलाने गरम पाणी ओतलं, तपकिरी साबण,
कोपरापर्यंत, दोनदा.
"डोळे मीट हवे तर. गुडघा सापडला?
खूर मुठीत झाकून घे, आत टोचायला नको.
आता खेचायचं नाही.
ती कळ देईल तेव्हाच, तेवढंच."
ओठ दाताखाली धरून ती थांबली.
आम्ही सगळेच थांबलो.
बाहेर कुत्रं भुंकत होतं, आपल्याच मालकाच्या चपराकीची वाट बघत.

परत निघालो ते चांदण्यात.
जाताना उमटलेला माझा माग
दारुड्याने सही करावी तसा,
शेजारी तिच्या दोन सरळ रेघा.
तिच्या बाहीवर वाळलेलं रक्त होतं
आणि ती भरधाव पुढे, माझ्यासाठी न थांबता.

परतीला वारा पाठीशी असतो, असं ती म्हणाली होती.
नव्हता.