एका माणसाचं वरण

चपला काढून, शाल काढून काट्यावर उभी राहिले.
सत्तेचाळीस किलो, दोनशे ग्रॅम.
डाएटिशियन पोरगी, मेगन, माझ्या नातीच्या वयाची,
कागदावरचा एक चौकोन पिवळा रंगवते.
"तीन महिन्यांत चार किलो गेले, मिसेस टिळेकर.
जेवता काय?"

याच वेकफील्डच्या वॉर्डात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या तोंडात चमचे घातले.
कोण गिळतं, कोण रुमालात लपवतं,
पाठमोरी असले तरी कळायचं.
तिला म्हटलं, सगळं जेवते.
तिलाही कळलं.

खरं सांगायचं तर चहा. टोस्ट.
कधी सिंकपाशी उभ्यानंच एखादं केळं.
एका माणसाचं वरण शिजत नाही हो.
मूठभर डाळ कुकरच्या तळाशी अंग चोरून बसते,
आणि जास्त लावावं
तर तेच वरण तीन दिवस
फ्रिजमधून माझ्याकडे बघत राहतं.
त्यात कवळी सैल.
भाकरी चावते कमी, फिरवते जास्त.

मेगननं लिहून दिलं: अंडं, डाळ, दूध, चीज,
थोडं थोडं, दिवसातून पाचदा.
आणि तळाशी, छापील नव्हे, पेनानं:
कुणासोबत तरी.
इतक्या चिठ्ठ्या वाचल्या जन्मभर,
हे औषध कुणी लिहिलेलं पाहिलं नव्हतं.

घरी येऊन मटकी भिजवली.
जानेवारीत इथे मोड धरत नाहीत,
म्हणून फडक्यात बांधून
बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांच्या उबेला ठेवली.
तिसऱ्या दिवशी गाठोडं फुगलं,
फडक्याच्या विणीतून पांढऱ्या शेपट्या बाहेर.
उसळ केली. मुद्दाम दोघांपुरती.

पलीकडच्या दारात रॉन हॉब्सन. ब्याऐंशीचा, खाणीतला.
दर मंगळवारी त्याच्या डब्यातून खणखणतात
टोमॅटो सूपचे टिन, सातच्या सात.
"तिखट आहे का?"
"नाही. पण चावावं लागेल."
"दात कुठायत?"
"माझे आहेत. पण ऐकत नाहीत."

त्यानं टेबलावरचं वर्तमानपत्र बाजूला सारलं,
दुसऱ्या खुर्चीवरचे कोट उचलले;
खाली गादी नवीकोरी.
दोघांनी चमच्याच्या पाठीनं उसळ ठेचली,
वर दही घातलं, बोललो फारसं नाही.

जुनी खोड जात नाही:
मी त्याचे चमचे मोजत होते.
अकराव्याला तो थांबला,
माझ्या वाटीकडे बघून म्हणाला,
"तुमचे सातच झालेत."