एका रेघेचं बिल

लिएपायात वारा फुकट मिळतो.
समुद्रावरून येतो, टोप्या नेतो,
पावती मागत नाही.
मीही तशीच यावं
असं गुनवाल्डिसला वाटतं.

"प्रोग्राम फुकटचा आहे, तूच म्हणालीस ना?"
मी 'मुक्त' म्हणाले होते.
आमच्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत,
त्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही,
पण टेबलावर बिल ठेवलं
की सख्खे भाऊ होतात.

वर्षाची दुसरी रात्र, पावणेदोनला फोन.
मासे धुरीतून निघालेत, चारशे पेट्या,
पहाटेच्या ट्रकला लेबलं हवीत
आणि प्रिंटर नुसते कोरे कागद ओकतोय.
झोपायच्या कपड्यांवर कोट चढवला,
सायकल काढली.
इतक्या रात्री ट्राम नसते,
आणि वारा, जाताना कधीच पाठीशी नसतो.

त्याच्या कचेरीत आल्डरच्या धुराचा वास
कीबोर्डच्या फटींत शिरलेला.
घरी परतले की तीन दिवस मांजर
माझी बाही सोडत नाही.

अडीच तास नोंदी वाचत गेले,
गव्हातले खडे वेचावेत तशी.
तो मागे उभा, ट्रकवाला त्याच्या मागे,
दोघांचा श्वास माझ्या मानेवर.
मग सापडलं.
आमच्या डिसेंबरच्या नावात नसते,
जानेवारीच्या नावात असते
एका 'आ'च्या डोक्यावर आडवी रेघ.
नव्या आवृत्तीला ती रेघ गिळता येईना.

एक ओळ बदलली.
लेबलं सुटली, ओली ओली, एकामागून एक.

"एका रेघेचे ऐंशी युरो?"
उत्तर माझ्याकडे होतं, वाटेतच जुळवलेलं,
पण पहाटे पाच वाजता
आपलंच उत्तर आपल्याला पटत नाही.
त्याने साठ दिले,
उरलेल्यांचे चार डबे, तेलातले.
मी घेतले.

आई विचारते, वेल्गा, तू विकतेस काय?
काही नाही. बिघडलं की जाते.
म्हणजे डॉक्टर?
हो, पण औषध आधीच
गावभर वाटून झालेलं असतं.
आई जरा वेळ बटाटे सोलते.
मग म्हणते, डबे मात्र चांगले आहेत.

दुपारी ती एक ओळ मी पाठवून दिली
एवेलिओला, असुन्सिओनला.
मूळ प्रोग्राम त्याचा. आम्ही कधी भेटलो नाही.
त्याला रेघेचा महिना माहीत नव्हता,
मला त्याच्याकडचा उन्हाळा.
त्याने लिहिलं: घेतली. आभार.
इथे एकोणचाळीस अंश, पंखा बंद पडलाय,
तो मात्र तुला दुरुस्त करता येणार नाही.

आता ती ओळ सगळ्यांची.
रीगातल्या बेकरीची, वेन्ट्सपिल्सच्या दवाखान्याची,
माझं नावही न ऐकलेल्या माणसांची.
त्यांच्याकडे हे बिघडणार नाही,
म्हणजे त्यांचा फोन येणार नाही.
राय-ब्रेडची वडी मीच कापते,
मीच खिडकीबाहेर ठेवते,
आणि नंतर ताटाकडे बघते.

हिशेबाच्या वहीत लिहिलं:
रात्रपाळी, सायकल, एक रेघ.
चौथा रकाना कशाचा ठेवला होता आठवेना,
म्हणून मोकळाच राहू दिला.

फेब्रुवारीच्या नावातही तीच रेघ आहे.
एक तारखेच्या रात्री मी जागीच राहिले,
कोट खुर्चीवर, फोन उशाशी.
बाराचे दोन झाले. दोनाचे तीन.
धक्क्यावर धुरी चालू असणार,
पेट्या भरत असणार,
प्रिंटर मुकाट्याने आपलं काम करत असणार.

फोन वाजला नाही.
मला खरंच बरं वाटलं.
मग उठले,
आणि हीटरचा काटा
एका घराने खाली आणला.