हजेरी

रुवीत, चपला शिवणाऱ्याच्या वरच्या मजल्यावर
माझं टेबल आहे. पाटीवर नाव नाही.
कोर्टात बद्र अल-हिनाई उभा राहतो, अरबीतून बोलतो;
मी मागच्या बाकावरून कागद पुरवते.
खेडच्या कोर्टात माझाही आवाज चढायचा.

मुनाफ सुर्वे आला दुपारी, दुकानं बंद असताना.
सात महिन्यांचा पगार थकलेला,
वर कंपनीचं पत्र : इसम कामावरून पळाला.
पिशवीतून एकेक कागद निघाला.
सगळ्यात शेवटी पासपोर्टची जुनी झेरॉक्स,
कोपऱ्यात 'खरी नक्कल', आणि खाली
सही माझीच.

एका मताची निवडणूक होती ती. ग्रामपंचायत.
मी सिद्ध केलं होतं की मतदानाच्या दिवशी
हा माणूस गावात नव्हताच.
शिक्का बघावा, साहेब. मस्कत.
मग याच्या नावचं मत टाकलं कुणी?
याच्या धाकट्या भावानं, शौकतनं.
उलटतपासणीत मी त्याला रडवला.
सरपंचाची खुर्ची इकडची तिकडे झाली,
अशिलानं पेढ्यांचा पुडा घरी पाठवला.
आम्ही खाल्ले.

"मॅडम, तेव्हा तुम्ही खरंच बोललात," मुनाफ म्हणाला.
"मी इथंच होतो.
आता तेवढंच परत सांगा."

हजेरीचं यंत्र त्याचं बोट ओळखत नाही.
सिमेंटनं रेषा खाल्ल्या.
गेटवर लाल दिवा, खात्यात गैरहजर,
आणि हा आत, आठव्या मजल्यावर, बारा तास.
मेसवाल्याची उधारीची वही आहे का? आहे.
बसचा ड्रायव्हर बोलेल? तो केरळला गेला.
फोरमन?
मुनाफ नुसता हसला.

वही तर वही. तारखा उतरवत बसले,
डाळ, दोन रोट्या, डाळ, अंडं, डाळ,
एवढं जेवणारा माणूस पळालेला कसा असेल,
हे अरबीत कसं म्हणायचं ते बद्रला विचारायला हवं.

शौकत कसा आहे, मी विचारलं, फाइलची दोरी बांधताना.
"बरा आहे. मतदानाला तेवढा जात नाही."

सही येते त्याला, पण बोटं आता पेनावर वळत नाहीत.
शाईचा डबा पुढे केला.
वकीलपत्रावर काळा ठिपका उमटला, गोल,
आत एकही रेषा नाही.
त्याच्या शेजारी मी लिहिलं :
माझ्यासमक्ष.